विषय: [मंडळ-गप्पा] बेडकांसाठी बॅटरी कुठली घ्यावी?

प्रेषक: सौरभ, कोलंबिया (मिझुरी)

मंडळी नमस्कार,
ढोल-ताशाच्या सरावाच्या मेलांमध्ये हा भलताच प्रश्न घुसवतोय. ३० जूनला सूर्यास्तापासून आपल्याकडे बेडकांच्या शिकारीचा सीझन उघडतो. ऑफिसातल्या एकाच्या शेतावर तळं आहे, त्याने बोलावलंय. बाकीचे गिगने, म्हणजे काट्याच्या भाल्याने मारतात. माझ्याकडे बोफिशिंगचा, म्हणजे मासे मारायचा, रिकर्व्ह बो (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आहे, मला त्यानेच जायचंय. गाडी अडलीय ती बॅटरीपाशी. टेक्सासचा मित्र रानडुकरांसाठी लाल दिवा वापरतो, तो म्हणतो लालच घे. ऑनलाइन 'एक लाख ल्युमेन'चे हेडलॅम्प आहेत. बोवरच बसवायची बॅटरीसुद्धा मिळते. नंदूकाका, काय घेऊ?

---

प्रेषक: नंदूकाका, सेंट लुईस

सौरभ,
लाल दिवा डुकरांसाठी ठीक. डुकराला आपण दिसू नये म्हणून तो लावायचा. बुलफ्रॉगचं, म्हणजे आपण मारणार त्या मोठ्या बेडकाचं, उलटं आहे. त्याचे डोळे दिपले पाहिजेत, तरच तो जागेवर थिजतो. तेव्हा पांढरा उजेड घे, पण निळसर नको. खोक्यावर ४००० ते ५००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं बघ. निळसर उजेडात हिरवा, तपकिरी, चिखल सगळं एकच दिसतं, आणि आपल्याला बेडूक ओळखायचा असतो. इथे फक्त बुलफ्रॉग आणि ग्रीन फ्रॉग मारायची परवानगी आहे. अंगावर गडद गोल ठिपके आणि पाठीवर दोन्ही बाजूंनी कडा दिसल्या तर तो लेपर्ड फ्रॉग, त्याला सोडायचं. बुलफ्रॉगची पाठ सपाट. डोळ्यामागून निघालेली घडी कानाच्या चकतीला वळसा घालून तिथेच संपते.

एक लाख ल्युमेन ही शुद्ध थाप. खरे दिवेसुद्धा 'टर्बो'वर, म्हणजे सर्वात जास्त उजेडावर, तापले की काही मिनिटांत स्वतःच मंद होतात. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड; त्यापेक्षा कँडेला, म्हणजे झोताची तीव्रता, बघ. २५०० कँडेलाचा झोत कागदोपत्री १०० मीटर जातो. बाण तर आपण चार-पाच मीटरवरून मारणार. तीनशे-चारशे ल्युमेन, बदलता येणारा १८६५० मापाचा रिचार्जेबल सेल आणि पाण्यात पडला तरी चालणारा, म्हणजे आयपीएक्स८, एवढं पुरे.

हेडलॅम्प कपाळावरच हवा, हातातल्या बॅटरीने बेडूक शोधणं कठीण. बेडकाच्या डोळ्यात शिरलेला उजेड आला त्याच दिशेने परत फिरतो. दिवा तुझ्या डोळ्यांजवळ असेल तरच ती हिरवट चमक दिसते. बॅटरी कमरेपाशी धरलीस तर समोर बसलेल्या बेडकाचीही चमक दिसायची नाही. गवतातले कोळीही चमकतात, पण त्यांचे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे असतात. सवयीने कळतं.

गिगवाल्यांना न येणारी अडचण आता ऐक. बाण दोरीला लावायला मान खाली घातलीस की झोतही खाली जातो, आणि बेडूक डुबुक! म्हणून बाण न बघता, बोटांनी चाचपून लावायची सवय घरीच कर. त्याहून बरं म्हणजे जोडीदार ने. तू हेडलॅम्पने शोधायचं आणि त्याने हातातल्या बॅटरीने बेडकाच्या डोळ्यांवर झोत रोखून धरायचा. तोही बाजूला दोन पावलांवरून, म्हणजे पाठीवरच्या कडांची सावली पडते आणि ओळख पक्की होते. माझ्या मते खरी महत्त्वाची बॅटरी हीच, पैसे हिच्यावर घाल. जोडीदाराने तुझ्या आणि बेडकाच्या मध्ये मात्र यायचं नाही. सावली हलली की संपलं.

हेडलॅम्प घालून घरी बो पूर्ण ओढून बघ. दोरी नाकाशी येते, तेव्हा टोपीचा पुढचा भाग किंवा जाडजूड दिवा तिला अडतो. बोफिशिंगचा बाण पांढरा असेल तर तोच उजळून डोळ्यांसमोर चमकतो. पुढचा भाग काळा कर, पण टोक सोड.

बोवरची बॅटरी घेऊ नकोस. जिथे बघायचं तिथे बो रोखावा लागतो, आणि त्यावर बाण लावलेला असतो. अंधारात काठावर दुसरी माणसं आहेत.

---

प्रेषक: मेधा, कॅन्सस सिटी

काका, बेडकावर बाण? सकाळीच पोह्यांची ताटली बाजूला ठेवली. आणि हे कायदेशीर आहे? गोव्यात 'जंपिंग चिकन', म्हणजे बेडकाच्या तंगड्या, खाणाऱ्यांना पकडतात ना?

---

प्रेषक: नंदूकाका, सेंट लुईस

मेधाताई, पोहे खाऊन घ्या.
गोव्यात पकडतात ते बरोबरच आहे. तिथला बेडूक १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, आणि बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. बेडूक गेले की शेतातली कीड कोण खाणार? मिझुरीत बुलफ्रॉग मूळचाच, आणि सीझन ३१ ऑक्टोबरपर्यंत. दिवसाला दोन्ही जाती मिळून जास्तीत जास्त आठ मारायचे, आणि एकूण जवळ ठेवायचे फार तर सोळा. फिशिंग परमिट किंवा स्मॉल गेम परमिट, दोन्हींपैकी एक चालतं, बोही चालतो. कॅलिफोर्नियात तो माणसांनी आणलेला आहे आणि तिथल्या रेड-लेग्ड बेडकांना गिळतो, त्यामुळे तिथे कुणाला त्याची दया नाही.

सौरभ, उजेड फक्त पाण्यावर आणि काठावर. शेतात, झाडीत झोत फिरवू नकोस. हातात धनुष्य असताना हरणावर बॅटरी मारतोय असं कुणाला वाटलं तर समजावत बसावं लागेल. बाण खाली, काठाच्या चिखलाकडे मार. सपाट मारलेला बाण पाण्यावरून उसळून समोरच्या काठाला जातो. नेम बेडकावरच धर. माशासाठी खाली धरायची सवय असेल ती विसर, हा पाण्यावर बसलेला असतो.

---

प्रेषक: सौरभ, कोलंबिया

काका, पटलं. बोवरची बॅटरी कार्टमधून काढली. जोडीदार म्हणून कुणी येतंय का? तळ्यावर डास भरपूर आहेत, आधीच सांगतो.

---

प्रेषक: मेधा, कॅन्सस सिटी

आमचे हे येतो म्हणतायत. बॅटरी धरायला. बाण त्यांच्या हातात देऊ नका.