मदत हवी आहे: दोन्हीकडे ५० हर्ट्झ, मग बॅक टू बॅक कशाला? (तातडीचं)

पल्लवी_ईई
नमस्कार, परवा सेमिनार आहे आणि मी एका जागी पुरती अडकलेय. सरांनी रिपोर्ट परत दिला, समासात लाल पेनने एवढंच लिहिलंय, "दोन्हीकडे ५० हर्ट्झ, मग डीसी का? नेपाळला का नाही?" चार दिवस नेटवर शोधतेय, सगळीकडे डीसीने लॉसेस (वाटेतली वीजगळती) कमी होतात हेच मिळतं, पण इथे तर लाईनच एसी आहे!! प्लीज आजच सांगा, दोन ओळी चालतील.

वाटसरू_७
कुठली लाईन? कुठले दोन देश? डिप्लोमा की डिग्री? एवढं लिहिलंत तर काही सांगता येईल.

सौर_सांगली
मी तर म्हणतो बाहेरच्या देशाशी तारा जोडत बसण्यापेक्षा छतावर सोलर बसवा. आम्ही ३ किलोवॅटचं बसवलं, नेट मीटर लागायला दोन महिने गेले पण आता उन्हाळ्यात बिल जवळजवळ नाहीच. पॅनेल दर पंधरा दिवसांनी सकाळी ऊन तापायच्या आत धुवायचे, हे कुणी सांगत नाही.

पल्लवी_ईई
सॉरी, मला वाटलं बॅक टू बॅक म्हटल्यावर कळेल. बहरामपूर-भेरामारा. आपल्या पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातून बांगलादेशात कुष्टियाला जाते ती. ४०० केव्ही डबल सर्किट, जेमतेम शंभर किमी. २०१३ ला ५०० मेगावॅट, २०१८ ला अजून ५००. लाईन पूर्ण एसी, भेरामाराला पोचली की एसीचं डीसी आणि त्याच आवारात डीसीचं परत एसी (हेच बॅक टू बॅक), पुढे २३० केव्हीवर त्यांच्या ग्रीडमध्ये (वीजजाळ्यात). म्हणजे डीसीची लाईन अशी नाहीच. आणि नेपाळची मुझफ्फरपूर-ढल्केबर मात्र सरळ एसी. मी बी.ई. फायनलला आहे.

तारेवरचा
सोपं आहे, बांगलादेशात ६० असणार. जपानमध्ये नाही का, अर्धा देश ५० अर्धा ६०, मधे कन्व्हर्टर.

आरहूसकर
नाही हो, बांगलादेशात ५०च आहे, तिने वर लिहिलंय की. जपान इथे लागू नाही, डेन्मार्क घ्या, मी बारा वर्षं इथे राहतोय. आमचं जटलंड जर्मनीमार्गे बाकी युरोपच्या ग्रीडला जोडलेलं, आणि कोपनहेगन ज्या बेटावर आहे ते स्वीडनमार्गे नॉर्डिक ग्रीडला. एकच देश, दोन्हीकडे ५०, तरी २०१० पर्यंत या दोन भागांत थेट जोडच नव्हता! मग मधल्या सामुद्रधुनीतून ६०० मेगावॅटची डीसी केबल टाकली. आता तर इथून थेट ब्रिटनला ७६५ किमीची केबल गेलीय, १४०० मेगावॅटची. तिकडे नॉर्वेत दक्षिणेकडचे लोक चिडलेत, केबलींमुळे युरोपचे चढे दर आपल्या घरात आले म्हणतात, डेन्मार्कला येणाऱ्या जुन्या केबली बदलायच्या की नाही यावरून राजकारण तापलं होतं, आणि मला विचाराल तर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, कारण धरणं त्यांची...

पल्लवी_ईई
उदाहरण मस्त आहे, टाकते. पण "का" तेच अजून कळलं नाही. दोन्ही ५० तर जोडायला अडचण काय??

निवृत्त_रिले
पल्लवी, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला बॅक टू बॅक स्टेशन आहे, तिथे मी नऊ वर्षं शिफ्ट केली म्हणून लिहितो. कंट्रोल रूममध्ये दोन फ्रिक्वेन्सी मीटर (हर्ट्झ दाखवणारे) शेजारी शेजारी होते, एक वेस्ट ग्रीडचा एक साऊथ ग्रीडचा. आमच्याकडे ४९.३ तेव्हा तिकडे ४८.९, पाच मिनिटांनी उलटं. दोन्ही ग्रीड ५०चेच, पण पावलं एक नाहीत. एसीने जोडायचं म्हणजे दोन बैल एका जुवाला जुंपायचे, एक अडखळला की दुसऱ्याची मान पिरगळणारच.
डीसी म्हणजे दारं धरणं. पाटाला पाणी कितीही असो, वाफ्यात किती सोडायचं ते दारं धरणारा ठरवतो. आम्हाला शेड्यूल यायचं, अमुक वाजता अमुक मेगावॅट, सेट केलं की तेवढेच जाणार. एसी लाईनमधून वीज फेज अँगल (दोन टोकांच्या लहरी किती मागेपुढे आहेत ते) बघून आपली वाट धरते, तिला करार कळत नाही. शेजारच्या देशाला मोजून वीज विकायची असेल तर हे फार कामाचं.
२०१३ ला बांगलादेशचा कमाल पुरवठा सहा-सात हजार मेगावॅट, जनरेशनची ओढाताण, फ्रिक्वेन्सी बरीच हलायची. ते आपल्या ग्रीडला का जुंपायचं? आपल्याकडे ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर, मग पूर्व अंधारात गेलं, साऊथ उभं राहिलं कारण ते तेव्हा डीसीनेच जोडलेलं होतं. सोलापूर-रायचूर ७६५ केव्ही ३१ डिसेंबर २०१३ ला चार्ज झाली तेव्हा कुठे साऊथ सिंक झालं, म्हणजे बाकी देशाशी एका तालात आलं.
नेपाळचं ग्रीड लहान, आधीपासून बिहार-यूपीतून १३२ आणि ३३ केव्हीवर वीज घ्यायचे. वासरू मोठ्या बैलामागे चालतं. भूतानचंही तेच.

तारेवरचा
मग १ नोव्हेंबर २०१४ ला अख्खा बांगलादेश का बंद पडला? हीच भेरामाराची लिंक होती ना? एवढा खर्च करून डीसी घातलं आणि त्यानेच देश झोपवला.

वाटसरू_७
भेरामाराचं स्टेशन ट्रिप झालं (आपोआप बंद पडलं), साडेचारशेच्या आसपास मेगावॅट एका क्षणात गेले. तेवढं मोठं जनरेटर ट्रिप झालं असतं तरी तेच झालं असतं. उरलेल्या मशीननी भार उचलायला हवा होता नाहीतर रिलेनी (आपोआप तोडणाऱ्या संरक्षक यंत्रणेने) वेळेत काही भागांचं लोड तोडायला हवं होतं. दोष डीसीला का? आणि आपलं ग्रीड शाबूत राहिलं हे बघा.

तारेवरचा
आपलं राहिलं, त्यांचं गेलं. रुग्णालयं जनरेटरवर, ढाका अंधारात. एसीने जोडलेलं असतं तर आपल्या मशीननी हात दिला असता.

निवृत्त_रिले
तुमचं हे म्हणणं बरोबर आहे. जू नाही तर ओढ नाही, पण मदतही नाही, पलीकडची इनर्शिया (फिरत्या मशीनचा साठलेला जोर) साध्या कन्व्हर्टरमधून येत नाही. पल्लवी, हे सरांनी विचारायच्या आधी तूच सांग, डीसीची किंमत म्हणून.

गेट_२६
ताई, पॉवर सिस्टिम आवडत असेल तर गेट परीक्षेची तयारी आत्ताच सुरू करा, आधीच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवा.

पल्लवी_ईई
काका, कळलं!! पण मग त्रिपुराहून बांगलादेशातल्या कुमिल्लाला २०१६ ला १०० मेगावॅटने सुरू झाली ती लाईन एसीच आहे, तिथे कन्व्हर्टर नाही. सर हे नक्की विचारणार.

निवृत्त_रिले
ते रेडियल. कुमिल्लाचा एक तुकडा त्यांच्या ग्रीडमधून सोडवायचा आणि आपल्या शेपटाला लावायचा. दोन ग्रीड जोडलेच नाहीत, त्यामुळे भांडण नाही.

आरहूसकर
अजून एक टाका. १५ नोव्हेंबर २०२४ ला नेपाळची ४० मेगावॅट वीज पहिल्यांदा बांगलादेशला गेली, आपल्या ग्रीडमधून याच भेरामारामार्गे. म्हणजे ढल्केबरपासून तिथपर्यंत सगळं एका तालात आणि शेवटी दारं धरलेलं. एका स्लाईडमध्ये दोन्ही उत्तरं.

पल्लवी_ईई
अरे वा, हीच शेवटची स्लाईड. काका, भद्रावतीच्या त्या दोन मीटरचा फोटो आहे का तुमच्याकडे?

निवृत्त_रिले
आत कॅमेरा नेऊ देत नसत. पॅनेलचं स्केच काढून रात्री इथेच टाकतो, कुठला मीटर डावीकडे होता ते पक्कं आठवतंय.