मदत हवी आहे: 'शाळा' मधली पात्रं जवळची का वाटत नाहीयेत?

नमस्कार मंडळी, नाशिकरोडला आमचा छोटा ग्रुप आहे, रविवारी 'शाळा'वर बोलायचंय (2012 चा पिक्चर, मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा) आणि मला त्यातली मुलं जवळचीच वाटत नाहीयेत. पिक्चर परत पाहिला, कादंबरीही वाचली. आणीबाणीचा काळ, नववीचं वय सगळं समजतं, नरूमामा तर फार आवडला, पण नायक जोशी त्याच्या वर्गातल्या शिरोडकरसाठी झुरतो तेव्हा मला आतून काही होतच नाही, कारण सगळं त्याच्याच नजरेतून दिसतं आणि तिला काय वाटतंय ते हाती लागत नाही. अभिनयाबद्दल तक्रार नाही. वयाचा प्रश्न म्हणाल तर तोही नाही, 'सैराट'ची आर्ची लगेच भिडली होती. तर शिरोडकरचं मन कळायला नेमके कुठले सीन नीट बघू?