कोझी रहस्यकथेत प्रेमप्रकरण हवंच कशाला?

सातरस्ता:
कोझी म्हणजे रक्तपात पानाबाहेर, पोलीस मागे आणि शोध घेणारी बाई गल्लीतलीच. अशा कथेत प्रेमप्रकरण घुसडायला माझा विरोध आहे. अडीचशे पानांत संशयित पाच पुरतात. सहाच्या वर गेले की वाचक नावं विसरतो. नायिकेचा जीव त्यातल्या एकावर जडला, की तो सुटला. प्रेमकथेचा वाचक गोड शेवटाच्या भरवशावरच पुस्तक उचलतो, त्यामुळे हा गुन्हेगार निघणार नाही हे चाळिसाव्या पानावरच कळतं. उरले चार. वर पाऊण पुस्तक झालं की प्रेमकथेला दुरावा लागतो, आणि रहस्य आवळायची वेळही नेमकी तीच.

बाळीवेस:
हिशेब बरोबर, पण तो खुनी नसला तरी खोटं बोलत असू शकतो. चादरीच्या कारखान्यातला डिझाइन मास्तर घ्या. त्याने नक्षीची पंचकार्डं गुपचूप दुसऱ्या कारखान्याला दिलीत. जेकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांनी नक्षी विणणाऱ्या मागावर, एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. कार्डात एक भोक जादा पडलं तर नको तो उभा धागा उचलला जातो, आणि कार्डांची माळ फिरून आली की तोच ठिपका पुन्हा त्याच जागी. साठाव्या पानावर नायिकेला चादरीवरचा मोर दिसतो, डोळ्याखाली ठिपका. वाचक म्हणतो, विणीतला दोष. पुढे दुसऱ्याच कारखान्याच्या चादरीवर तोच मोर, तोच ठिपका. तिथं त्याचं खोटं उघडं पडतं आणि दुरावाही तिथंच येतो. दोन कामं एका प्रसंगात.

सातरस्ता:
ठिपका आवडला. पण हल्लीच्या प्रेमकथेत एक प्रकरण तिच्या नजरेतून, एक त्याच्या नजरेतून असतं. त्याचं मन उघडलं आणि कार्डांची गोष्ट तेवढी झाकली, तर ती वाचकाची फसवणूक. शोधणाऱ्याला सापडलेला दुवा वाचकालाही दिसला पाहिजे, असं इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्येच नियमांत घातलं होतं.

बाळीवेस:
मग त्याची प्रकरणं काढून टाका. सगळं तिच्याच नजरेतून.

विजापूरवेस:
दोघंही कारखान्यात अडकलात. सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा घ्या ना! यण्णीमज्जन (तैलाभिषेक), अक्षता, होम, दारूकाम, कप्पडकळी (सांगतेचा विधी): पाच दिवसांचं वेळापत्रक आयतं मिळतं. मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांबरोबरची माणसं पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या पारंपरिक अंगरख्यात असतात. 'बाराबंदीवाल्याला पळताना पाहिलं' या साक्षीला म्हणून काडीची किंमत राहत नाही. आणि अक्षता म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्नच. दोघांची नजरानजर करायला दुसरा प्रसंग शोधायला नको. फक्त यात्रेत खून घालू नका. श्रद्धेचा सोहळा आहे, चोरी पुरे. कोझीला मुडदा लागतोच असं नाही.

सातरस्ता:
बाराबंदीचा मुद्दा बिनतोड आहे, चोरीही चालेल. दुरावा मात्र अजून पटत नाही. दुसरा ठिपका दिसल्यावर ती त्याला तिथंच का विचारत नाही? दोन वाक्यांत मिटणारा गैरसमज साठ पानं ताणला की वाचक पुस्तक मिटतो, आणि तो बरोबरच करतो.

बाळीवेस:
कारखाना तिच्या मामांचा आहे. विचारलं तर मास्तरची नोकरी जाते. गप्प बसली तर चोरीचा आळ कार्ड मारणाऱ्या म्हाताऱ्या अण्णांवर राहतो.