नागीण, जनुके आणि स्मृतिभ्रंश : एका मताला उत्तर

सायली_म
परवा येथे एकाने लिहिले की, स्मृतिभ्रंश जनुकांतच लिहिलेला असतो आणि तो विषाणूंमुळे होतो ही चर्चा म्हणजे लस विकणाऱ्यांचा प्रचार. या विधानाचा मला मनापासून राग आला. ब्रिटनमधील वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची (कांजिण्यांच्याच विषाणूने उठणाऱ्या पुरळाची) लस देताना २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांनाच पात्र ठरवले. त्यांच्याहून आठवडाभर मोठे असलेल्यांना ती कायमची नाकारली गेली. केवळ जन्मतारखेने वेगळ्या झालेल्या या लोकांची तुलना केली, तेव्हा लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. यात जनुके कोणाची बदलली होती?

चिकित्सक
ते विधान माझेच आहे. वेल्समधला परिणाम स्त्रियांमध्ये ठळक होता, पुरुषांमध्ये तसा नव्हता, हे आपण का सांगत नाही? अमेरिकेत अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराच्या सुरुवातीच्या १२० रुग्णांवर व्हॅलासायक्लोव्हिर या हर्पिसवरील (नागिणीच्या विषाणूच्याच कुळातील विषाणूवरील) औषधाची चाचणी झाली. दीड वर्षानंतरही फायदा दिसला नाही.

अनघा
माझ्या सासूबाईंना नागीण उठली तेव्हा घरच्यांनी काव लावली आणि मंत्र घालणाऱ्याकडे नेले. ज्या गोळ्या ७२ तासांत सुरू व्हायला हव्या होत्या, त्या आठव्या दिवशी मिळाल्या. दोन वर्षे त्या वेदनेने तळमळल्या आणि त्यानंतर माणसे ओळखेनाशा झाल्या.

रानवाट
कावेला नावे ठेवणे सोपे आहे. आमच्या गावाहून डॉक्टर तीस किलोमीटरवर आहे आणि एसटी दिवसातून एकदा येते.

अनघा
आमचे घर शहरात होते, दवाखाना समोरच होता. ‘विळखा पूर्ण झाला की माणूस जातो’ या भीतीने सगळे मंत्रामागे धावले. वास्तविक हा विषाणू एका मज्जातंतूच्या पट्ट्यात पसरतो, म्हणून पुरळ बहुधा शरीराच्या एकाच बाजूला येते.

चिकित्सक
आपले दुःख मी समजू शकतो. पण एका घरातील अनुभवावरून कार्यकारण सिद्ध होत नाही.

सायली_म
एका घराचे राहू द्या. संशोधक रूथ इत्झाकी यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवले की, मेंदूतील हर्पिस आणि एपीओई-४ हे जनुकरूप एकत्र आले की अल्झायमरचा धोका वाढतो. प्रतिकारशक्तीशी निगडित डीआर-४ हे जनुकरूप असणाऱ्यांत हा आजार कमी आढळतो, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूला शरीर कसे तोंड देते, हेही जनुकेच ठरवत असतील, तर आपण ही दोन कारणे एकमेकांविरुद्ध का उभी करता?

चिकित्सक
‘प्रचार’ हा शब्द मी मागे घेतो, त्याहून अधिक काही नाही. वेल्समधील लस जिवंत विषाणूची होती. आपल्याकडे स्वखर्चाने मिळणारी शिंग्रिक्स ही नागिणीची लस वेगळी आहे, तिच्यात जिवंत विषाणू नसतो. तिच्या दोन डोसांचा खर्च लोकांना करायला सांगताना स्मृतिभ्रंश टळेल, असे आश्वासन देऊ नका.

अनघा
माझ्या आईला मी पुढच्या महिन्यात ती देणार आहे, आणि ती नागिणीसाठीच.