टक्केवारी घसरते तेव्हा मतदारच दोषी असतो का?

धागालेखक (ठाणे)

2024 च्या लोकसभा निवडणुकीत देशात सुमारे 66 टक्के मतदान झाले. 2019 मध्ये ते 67 टक्क्यांच्या थोडे वर होते. फरक दीड-दोन टक्क्यांचा, पण तेवढ्यावरून शहरी मध्यमवर्गाच्या नावाने जे बोटे मोडणे सुरू झाले, ते अजून थांबलेले नाही. गडचिरोली-चिमूरमध्ये 70 टक्क्यांहून अधिक लोक मतदान करतात आणि दक्षिण मुंबई व कल्याण पन्नाशीच्या आसपास अडकतात, ह्याचा अर्थ सरळ बेफिकिरी असा लावला जातो.

मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. टक्केवारी म्हणजे भागाकार, आणि आपण सगळे केवळ अंशाकडे पाहतो. छेद, म्हणजे मतदारयादी, कोणी तपासत नाही. समजा, एका यादीभागात 1000 नावे आहेत. त्यांपैकी 150 जण मरण पावले आहेत, घर बदलून गेले आहेत किंवा दोन ठिकाणी नोंदले गेले आहेत. 500 जणांनी मतदान केले, तर कागदावर 50 टक्के दिसतात. प्रत्यक्षात हजर असलेल्यांपैकी जवळपास 59 टक्के लोकांनी मत दिलेले असते. भाड्याच्या घरांचे करार अकरा महिन्यांनी बदलतात आणि चाळींच्या पुनर्विकासात वस्तीच्या वस्ती उपनगरांपलीकडे जाते, अशा शहरांत हा छेद फुगणारच. माझ्याच इमारतीच्या यादीत सहा वर्षांपूर्वी वारलेल्या शेजाऱ्यांचे नाव अजून आहे. त्यांच्या मुलाने नाव वगळण्याचा अर्ज दोनदा भरला होता.

प्रतिसाद 1 (दादर)

तुमचे गणित बरोबर आहे, पण ते ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न वेगळा आहे. जुनाट यादीमुळे टक्केवारी नेहमीच कमी का दिसते, हे समजते. ती एका निवडणुकीत चढते आणि दुसऱ्या निवडणुकीत उतरते, हे त्यावरून कसे समजणार? मयतांची नावे 2009 मध्ये होती, तशी 2014 मध्येही होती. तरीही दक्षिण मुंबईत 2009 मध्ये सुमारे 40 टक्केच मतदान झाले आणि 2014 मध्ये ते 50 च्या वर गेले.

2009 चे वर्ष मला मुद्दाम आठवते. 26 नोव्हेंबरच्या हल्ल्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हजारो लोक गेटवेला जमून राजकारण्यांना जाब विचारून गेले होते. मतदान आले 30 एप्रिलला, गुरुवारी. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. आमच्या भागातले किती तरी लोक गावी किंवा महाबळेश्वरला निघून गेले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 135ब कलमाने पगारी सुट्टी दिलेली असतानाही जे केंद्रावर येत नाहीत, त्यांच्यासाठी दरवेळी व्यवस्थेतील सबब शोधणे मला मान्य नाही.

प्रतिसाद 2 (बीड)

यादी आणि सुट्टी ह्या दोहोंहून मोठे कारण मला वेगळे दिसते: माझ्या मताने काही बदलेल का, हे मतदाराला काय वाटते. 1977 आणि 1984 मध्ये मतदान वाढले, कारण त्या वेळी पणाला काय लागले आहे हे खेड्यातल्या माणसालाही उमगले होते. मात्र केवळ लाट पुरत नाही. 1971 मध्ये इंदिरा गांधींची लाट असूनही मतदान 1967 च्या 61 टक्क्यांवरून 55 टक्क्यांवर आले. त्या वर्षी लोकसभा निवडणूक प्रथमच बहुतेक विधानसभांपासून वेगळी झाली होती, हे विसरू नये. आपल्याकडे महाराष्ट्रातही 1999 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या तेव्हा सुमारे 61 टक्के मतदान झाले. 2004 मध्ये लोकसभा वेगळी झाली आणि आकडा 54 वर आला. आमदार माहितीतला असतो, त्याच्याकडे काम असते, त्याचे कार्यकर्ते घरोघरी येऊन माणसे बाहेर काढतात. खासदार लांबचा.

आणि जिथे खासदारकीचीच चुरस असते, तिथे काय होते? 2024 मध्ये बीडला सुमारे 71 टक्के मतदान झाले आणि निकाल लागला साडेसहा हजार मतांच्या फरकाने. आमच्याकडचे ऊसतोड मजूर मे महिन्यापर्यंत गावी परतलेले असतात, हेही एक कारण. निवडणूक नोव्हेंबरात आली की टोळ्या निघायची वेळ झालेली असते आणि कारखान्याच्या तळावरून गावचे मत देता येत नाही.

प्रतिसाद 3 (नाशिक)

वरच्या तिन्ही मांडण्यांत स्त्रिया कुठे आहेत? 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘तमक्याची आई’ ह्याखेरीज स्वतःचे नाव त्यांनी नोंदवले नव्हते. 1962 मध्ये पुरुष आणि स्त्रियांच्या मतदानात 15 टक्क्यांहून अधिक अंतर होते. 2019 पर्यंत ते पुसले गेले आणि 2024 मध्येही स्त्रिया किंचित पुढेच राहिल्या. एकंदर टक्केवारी गेल्या साठ वर्षांत ज्या वळणाने वर आली, त्यात हा बदल सर्वांत मोठा आहे. तो चुरशीने झाला नाही आणि यादी साफ केल्यानेही झाला नाही. आमच्या आजी आजोबा सांगतील तिथे शिक्का मारत. आई मतदानाच्या दिवशी आधी स्वतः जाऊन येते आणि मग वडिलांना उठवते.

धागालेखक (ठाणे)

दादरकरांचा मुद्दा मान्य करतो: स्थिर राहिलेल्या दोषाने चढ-उतार समजत नाही. पण तो दोष स्थिरच राहतो असे नाही. बिहारमध्ये 2025 च्या विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे निवडणूक आयोगाने केलेल्या यादीच्या घरोघरच्या तपासणीत, यादी 7.89 कोटींवरून 7.42 कोटींवर आली आणि त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीत मतदान 2020 च्या 57 टक्क्यांवरून 67 च्या आसपास गेले.

प्रतिसाद 1 (दादर)

तिथे मत देणाऱ्यांची संख्याही सुमारे 4.2 कोटींवरून 5 कोटींच्या जवळ गेली, हे तुम्ही सोडून दिलेत. म्हणजे छेद घटला हे खरे, पण अंश त्याहून अधिक वाढला. शिवाय छेद कमी करताना जिवंत माणसाचे नाव गळाले, तर टक्केवारी सुधारते आणि तो माणूस मात्र मतदानाच्या आकडेवारीत कुठेच दिसत नाही. यादी साफ व्हावी, असे मलाही वाटते. मात्र वगळलेल्या प्रत्येक नावाचे कारण त्या घरापर्यंत लेखी पोहोचले पाहिजे आणि हरकतीला पुरेसा अवधी मिळाला पाहिजे. तसे झाल्याशिवाय मी वाढलेल्या टक्केवारीला वाढलेले मतदान म्हणणार नाही.