होल्टबीचा तो सेव्ह
कोणीतरी लिहिलंय की आइस हॉकीत गोलकीपर शेवटच्या क्षणी गोल वाचवतो, ते असले सेव्ह म्हणजे निव्वळ नशीब, पक (खेळायची रबरी चकती) येऊन अंगावर आदळतो बस. कधीकधी असतं तसं, मान्य. पण २०१८ च्या स्टॅनली कप (उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा कप) फायनलची दुसरी मॅच बघा, वॉशिंग्टन ३-२ ने पुढे, जेमतेम दोन मिनिटं उरलेली, वेगासच्या ईकिनने आडवा पास दिला आणि त्याच टीमच्या टकसमोर गोल जवळपास मोकळाच, वॉशिंग्टनचा गोलकीपर होल्टबी पार दुसऱ्या बाजूला, तिथून आडवा झेपावला आणि स्टिकच्या रुंद भागाने शॉट अडवला की राव! इथे पक त्याच्याकडे नाही आला, तोच पकपर्यंत पोचला. आणि वेळ पण बघायची ना, ५-० असताना हाच सेव्ह कोणाला आठवला असता? कप पण नेला वॉशिंग्टनने, पहिल्यांदाच.