मदत हवी आहे: कलकत्त्याच्या ‘बनियन’ला मराठीत काय म्हणावे?

बोस्टनचे व्यापारी जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन यांची जावा, चीन, बंगाल, इजिप्त अशा मुलखांतून लिहिलेली पत्रे १८५७ मध्ये न्यूयॉर्कला पुस्तकरूपाने निघाली. त्यांतील बंगालच्या पत्रांचा अनुवाद करताना मी एका तळटिपेत अडलो आहे. अमेरिकी जहाजांसाठी माल खरेदी करणारा, प्रसंगी स्वतःचे भांडवल घालणारा आणि देशी व्यापाऱ्यांची हमी घेणारा कलकत्त्याचा ‘बनियन’ मराठीत कसा आणावा? ‘दलाल’ तोकडा वाटतो, ‘मुनीम’ पगारी नोकर ठरतो, ‘अडत्या’ जवळचा असला तरी हमीची बाजू त्यात पुरेशी येत नाही, आणि मूळ शब्द तसाच ठेवला तर वाचकाला गंजिफ्रॉक आठवेल. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश पाहून झाला आहे. त्या काळच्या मुंबईतील मराठी कागदपत्रांत अशा मध्यस्थासाठी रूढ असलेला शब्द कोणाला आढळला आहे का?